बॅकअप टिळेकर

आमच्या जर्सी सिटीहून सकाळी मॅनहॅटनला जाणाऱ्या ट्रेनमध्ये माझ्या शेजारच्या मकरंद टिळेकरला रोज बसायला जागा मिळते. एक नाही, तीन-तीन सीट. डब्यात शिरला की तो डोळे मिटतो आणि रामरक्षेच्या चालीत सुरू करतो, "पुएल्ला, पुएल्लाए, पुएल्लाए, पुएल्लाम..." अर्ध्या मिनिटात आजूबाजूची माणसं पुढच्या डब्यात. एकदा एका म्हाताऱ्या बाईने तर त्याच्यापुढे मान झुकवून "आमेन" म्हटलं.

ही लॅटिन भाषा. पुएल्ला म्हणजे मुलगी. आपण शाळेत "रामः रामौ रामाः" घोकायचो, तसं ते. खरं तर लॅटिन शिकते त्याची मुलगी सई, हायस्कूलमध्ये, नववीत. टिळेकर फक्त तिचा बॅकअप.

टिळेकर एका बँकेच्या रिस्क डिपार्टमेंटमध्ये आहे. म्हणजे घाबरण्याचा त्याला पगार मिळतो, आणि माणूस असा प्रामाणिक की घरी आल्यावर ओव्हरटाइम फुकट करतो. "रिस्क आहे रे" आणि "बॅकअप काय?" या दोन वाक्यांवर त्याचा सगळा संसार उभा आहे. लग्नात त्याने म्हणे अंतरपाटही दोन आणवले होते. एक फाटला तर?

सईने लॅटिन घेतलं त्या दिवशी तो पांढराफटक चेहरा घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"सगळं जग स्पॅनिश घेतं, यार. हिने लॅटिन घेतलं. रिस्क आहे."

"कसली रिस्क?"

"अरे, ती भाषा घरी बोलणारा एक माणूस जगात शिल्लक नाही. अडलं तर विचारायचं कुणाला? बॅकअप काय?"

दुसऱ्या दिवसापासून बॅकअप स्वतःच पुस्तक उघडून बसला.

या माणसाला बॅकअप ठेवता आला नाही असं एकच प्रकरण घडलं. त्याची बायको अदिती दिवाळीला पुण्याला गेली. व्हिसाचं स्टॅम्पिंग, म्हणजे अमेरिकेत परत शिरायचा शिक्का, करून घ्यायचं आणि दोन आठवड्यांत परत यायचं, असा बेत. वकिलातीतली अपॉइंटमेंट पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. इथे बर्फ पडून वितळलासुद्धा, अदिती अजून तिकडेच. विचारलं की टिळेकर "येईल, येईल" म्हणतो आणि घाईघाईने रोमन सम्राटांकडे वळतो. त्या सम्राटांचे खून तो अशा काळजीने सांगतो, जणू बातमी आजच्या पेपरातली आहे.

आमच्या बिल्डिंगच्या भिंती म्हणजे नुसते पापड. रोज संध्याकाळी पलीकडून टिळेकरची आरोळी येते, "केना पाराता एस्त!" म्हणजे जेवण तयार आहे. आमच्या मजल्याला हे वाक्य पाठ झालंय. समोरच्या कोरियन आजोबांचा कुत्रा ते ऐकून आपल्या ताटलीपाशी जाऊन बसतो.

आणि अशात शाळेने रोमन मेजवानी जाहीर केली. मुलांनी रोमन कपडे घालायचे, पालकांनी रोमन पदार्थ आणायचे, आणि यजमानीण म्हणून सईने पाहुण्यांचं स्वागत लॅटिनमध्ये करायचं. त्याला मार्क! टिळेकरची झोप उडाली. त्याच्या येरझाऱ्यांनी आमच्या कपाटातल्या कपबशा वाजायला लागल्या.

"रोमन लोकांकडे बटाटा नव्हता," तो मला म्हणाला. "मिरची नव्हती. शेंगदाणा, साबुदाणा, काहीच नाही!"

"मग बिचारे उपास कसे करायचे?"

"तुला चेष्टा सुचते! एक मिरची सापडली तर नाव सईचं जाईल."

शेवटी मधातला शिरा ठरला. रंगीत तालमीचा शिरा मी इतक्यांदा चाखला की बागेतल्या मधमाश्या मला ओळख दाखवायला लागल्या.

टोगा, म्हणजे रोमन लोकांचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, स्वतःलाही हवा म्हणून त्याने पलंगावरची चादर काढली. ती नेसवली अदितीने, पुण्याहून, व्हिडिओ कॉलवर. "अहो, डावा खांदा! डावा! तो पदर आहे का खोचायला?" चादरीला त्याने एवढ्या सेफ्टी पिना लावल्या की तो एअरपोर्टवर गेला असता तर तिथल्या यंत्राने आरतीच धरली असती. आत बॅकअप म्हणून जीन्स. एकूण सत्यनारायणाला बसलेला यजमान.

शाळेचा हॉल भरला. बॅकअप म्हणून टिळेकरने मलाही नेलं होतं. सई उभी राहिली. माझ्या शेजारी टिळेकरचे ओठ तिच्यासोबत हलत होते आणि माझा हात त्याच्या मुठीत लिंबासारखा पिळून निघत होता.

"साल्वेते, अमीकी!" सईने सुरुवात केली. मित्रहो, नमस्कार. पुढचं सगळं घडाघडा. आता एकच वाक्य उरलं, आणि ती थांबली.

सईने कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे पाहिलं आणि मग सरळ बापाकडे.

टिळेकर उठला. "केना पाराता एस्त!" आरोळी अशी की रोममध्ये कुणीतरी हात धुतले असतील. हॉल हसला, टाळ्या पडल्या, मागच्या रांगेतले दोघे खरंच ताटं घ्यायला गेले. सईने ते वाक्य म्हटलं आणि मान लववली. टिळेकर खाली बसला तो वर्ल्ड कप जिंकून आल्यासारखा.

मी सईला शिऱ्याच्या पातेल्यापाशी गाठलं. "काय गं, जे वाक्य समोरच्या कुत्र्याला पाठ आहे, ते तू विसरलीस?"

तिने आधी आजूबाजूला पाहिलं. "काका, प्लीज बाबाला सांगू नका."

"अगं, पण मार्क गेले ना?"

"इट्स ओके." ती शिरा चमच्याने इकडून तिकडे करत राहिली. "आई गेल्यापासून ही इज सो स्केअर्ड, काका. व्हिसाचं त्याला काहीच करता येत नाही. लॅटिनचं येतं."

मी तिच्या ताटात आणखी एक चमचा शिरा वाढला.

बाहेर आलो तर टिळेकर पार्किंगमध्ये चादरीतच उभा, फोन कानाला. "एका ठिकाणी अडली गं. मी होतो म्हणून निभावलं." मग पलीकडून अदिती काहीतरी सांगू लागली. "परत पुढे? ... बरं. असू दे. नाही गं, इकडे सगळं मस्त चाललंय. काही रिस्क नाही."

हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या हातात चादरीचं टोक घट्ट पिळलेलं होतं.

सईने ते टोक हळूच त्याच्या मुठीतून सोडवलं. "बाबा, घरी गेल्यावर वरणभात करशील?"

"आत्ता तर जेवलीस ना तू?"

"बॅकअप," ती म्हणाली.

आम्ही घरी आलो. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे कुकरची शिटी झाली, आणि मग ती आरोळी आली. रोजच्यापेक्षा जरा घोगरी होती. समोरचा कुत्रा आपलं जेवण झालेलं असूनही ताटलीपाशी जाऊन बसला असणार.