शर्टाचा रंग

आमच्या रत्नागिरी–लांजा गाडीच्या कंडक्टर रेवतीबाई थांब्याशिवाय गाडी थांबवत नाहीत. यात काय विशेष, असं वाटेल. पण त्यांनी स्वतःच्या सासूबाईंनासुद्धा घराच्या दारात उतरू दिलं नव्हतं.

घर पाली गावाच्या पुढे, चढणीला, रस्त्याला अगदी लागून. सासूबाई बाजारातून दोन पिशव्या घेऊन माझ्या शेजारी बसलेल्या. घर दिसलं तशा त्या उठल्या.

"अगो रेवती, थांबव की जरा."

"थांबा कुठे हाय, दाखवा!"

तो होता पुढच्या वळणावर. सासूबाई तिथे उतरल्या नि पिशव्या सांभाळत उलट चालू लागल्या. पण उतरता उतरता मला कौतुकाने सांगून गेल्या, "घरात पण अशीच हां ही! पोराने घास गिळला की तोंडाने टिंग टिंग, मग पुढचा घास. पोरगा रस्त्याकडे धावला की एकच टिंग, तो जागच्या जागी उभा!"

एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे शास्त्र त्या घरात पाळण्यापासून शिकवतात.

पोरगा म्हणजे ओजस, अडीच वर्षांचा. रोज सकाळी आजी त्याला अंगणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे बुटक्या दगडी कुंपणावर, उभा करते आणि धरून ठेवते. चढणीला गाडी मंदावते, ड्रायव्हर हॉर्न देतो, आम्ही अख्खी गाडी त्याला हात करतो. रेवतीबाई नेमक्या तेव्हाच पाठ फिरवून तिकिटाच्या मशीनमध्ये डोकं खुपसायच्या.

मला राग यायचा. माझी मुलगी लहान होती तेव्हा ऑफिसला निघाले की मी गल्लीच्या टोकापर्यंत दहा वेळा वळून बघायचे. या बाईला एकदा मान वळवायला काय होतं? एकदा त्यांच्या शेजारची जागा मिळाली, तेव्हा ठरवलंच की आज चांगलं सुनावायचं. गडगा जवळ आला. मी तोंड उघडणार, तोच त्या मशीनकडे बघतच हळूच म्हणाल्या, "ताई, शर्ट कुठला घातलाय?"

"निळा."

"टोपी?"

"नाही."

"नाक वाहतंय?"

"अहो, चालत्या गाडीतून कसं दिसेल?"

"बाहीने पुसतोय काय ते बघा ना."

पुसत होता. गडगा मागे गेल्यावर त्यांनी मान वर केली. "मी बघितलं ना, की तो हात पसरतो. आई उतरणार असं वाटतं त्याला. मग दुपारपर्यंत रडतो, सासूबाईंना आवरत नाय."

मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

तेव्हापासून ती जागा माझी झाली. पिवळा शर्ट, हातात अर्धी पोळी, गुडघ्याला चिकटपट्टी, सगळं मी बघून सांगायचे. रजा घ्यायची असली तर आदल्या दिवशी मागच्या सीटवरच्या मास्तरांना काम नेमून द्यायचे. मास्तरांना शर्टाचे रंग कळत नाहीत, अशी बाईंची तक्रार असे.

गेल्या महिन्यात एक दिवस ओजसच्या एका हातात स्टीलचं ताट होतं, दुसऱ्यात कालथा. गाडी मंदावली. त्याने ताटावर दोनदा ठणठण वाजवलं नि ओरडला, "जाऊ दे!"

रेवतीबाईंचा मशीनवरचा हात थांबला. त्यांनी मान वळवली आणि बघितलं, गडगा दिसेनासा होईपर्यंत बघितलं. पोरगा रडला नाही, ताट बडवत राहिला. बाईंनी डोळे पुसले आणि "पुढे सरका हो, पुढे सरका!" म्हणून ओरडल्या. गाडीत कोणीच उभं नव्हतं.

आता त्या रोज बघतात. मला काही विचारत नाहीत. मी मात्र गडगा आला की सवयीने "हिरवा" म्हणून जाते.

"हो ताई," त्या म्हणतात, "बघितला."