आमच्या घरातला मामांचा माळा

एका रविवारी मी स्वतःला माळ्यावर ठोकून घेतलं. म्हणजे माळ्याला फळ्या ठोकत ठोकत गेलो, वर चढायची जागाही ठोकून बंद केली, आणि मी वरच राहिलो.

फळ्या खालून रामटेकेमामा देत होते. त्यामुळे निम्मा दोष त्यांचा, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. कोणी मानलं नाही.

अर्जुनी मोरगावात आमच्या शेजारी स्लॅबच्या दोन खोल्यांत मामा एकटे राहायचे. उभी नोकरी रेल्वेच्या फाटकावर गेलेली. नॅरोगेजची छोटी लाईन जाऊन मोठी आली, मामा रिटायर झाले, पण फाटक काही त्यांच्यातून गेलं नाही. कोणाच्याही दारी आले की उंबऱ्याअलीकडे थांबायचे, डावीकडे-उजवीकडे बघायचे आणि विचारायचे, "लाईन क्लियर हाय का?" आतून कोणी "क्लियर" म्हटल्याशिवाय पाय आत पडायचा नाही. एकदा सुनंदा, म्हणजे माझी बायको, दळण आणायला गेलेली आणि मी न्हाणीत. मामा दारात उभेच. शेवटी साबणभरल्या तोंडानं मी "क्लियर" ओरडलो, तेव्हा आत आले आणि "इतला लेट काऊन?" म्हणून मलाच झापलं.

दुसरा नाद म्हणजे कोणाला काही फेकू द्यायचे नाहीत. छत्रीची काडी, सायकलचा एकटाच पायडल, बादलीची कडी, बर्नर नसलेला स्टो, बुडाला भोक पडलेली कढई. गल्लीत कोणी काही उकिरड्याकडे नेताना दिसला की मामा आडवे. "ठेव बे, लागते." कशाला लागते हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मामी होत्या तोवर अर्धं सामान त्या गुपचूप भंगारवाल्याला देत. मामी गेल्या आणि मुलगा भिलाईला स्थायिक झाला. मग मामांच्या सामानाला अडवणारं कोणी उरलं नाही.

तर माळा. आमचं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू. मधल्या खोलीवर नुसत्या लाकडी बल्ल्या आणि त्यांवर बांबूचा तट्टा. कांदे आणि लसणाच्या जुड्या सोडून वर काही ठेवलं तर ते आज ना उद्या जेवणाच्या ताटात यायचं. दिवाळीच्या तोंडावर सुनंदा म्हणाली, सुतार बोलवा. सुतार कशाला, मी म्हटलं. मी शाळेत भूमिती शिकवत होतो. आरामशीनवरून आंब्याच्या फळ्या आणल्या आणि भिंतीकडून सुरुवात केली.

काम सुरेख चाललं होतं. मामा खालून फळी द्यायचे, मी ठोकायचो. शेवटची फळी वर देताना मामा जरा थांबले. "हेबी ठोकतेस?" मी म्हटलं, मामा, अर्धवट काम मला जमत नाही. चार खिळे मारले. अंधार झाला. खालून शांतपणे आवाज आला, "मास्तर, आता तुई गाडी कुठून उतरवतेस?"

पक्कड खाली होती. हातोडीनं आतून धक्के मारले तर कांदे घरंगळले, फळी हलली नाही. अर्धवट काम जमत नाही ते हे असं. शेवटी मामांनी बाहेरून शिडी लावली, कवेलू काढले आणि छपरातून माझं डोकं बाहेर आलं. खाली अख्खी गल्ली, त्यात माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप. एकानं विचारलं, "कवेलू फेरून रायले का गुरुजी?" मी हो म्हटलं. कवेलू फेरतात पावसाळ्याआधी. हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी ती फळी काढली, बिजागऱ्या लावून झाकण केलं आणि खाली कायमची शिडी उभी केली. मजुरी म्हणून एक कोपरा मागितला. "जराक सामान हाय." महिन्याभरात कोपऱ्याचा माळा झाला आणि आमचे कांदे पलंगाखाली आले.

मग रोज संध्याकाळी दारात "लाईन क्लियर हाय का?" आज छत्रीची काडी पाहिजे, उद्या कढई. मामा शिडी चढायचे, वर बराच वेळ खुडबुड चालायची, आणि रिकाम्या हातांनी खाली यायचे. "नाई सापडली." तोवर सुनंदानं चहा ठेवलेला असायचा. चहाबरोबर छोट्या लाईनच्या गोष्टी, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनच्या, फाटकाशी चालत्या गाडीतून उतरून मामींसाठी मोहफुलं ठेवून जाणाऱ्या गार्डच्या. गाडी इतकी हळू की उतरून, ठेवून, परत डबा गाठता यायचा.

एका पावसाळ्यात मामा शिडीवर घसरता घसरता वाचले. माझ्या डोक्यात पुन्हा भूमिती शिरली. म्हाताऱ्या माणसाला रोज ही चढ-उतर कशाला? सुट्टीच्या दिवशी मी सगळं सामान उतरवलं, धुतलं, पुसलं, हातगाडीवर घातलं आणि मामांच्या अंगणात नीट रांगेत लावून दिलं. मामा दारात उभे राहून बघत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "बरं केलं, मास्तर." मी खूश.

त्या संध्याकाळी दारात कोणी आलं नाही. दुसऱ्याही नाही. सुनंदा चहा तीन कपांचाच ठेवत राहिली आणि तिसरा माझ्यापुढे आदळत राहिली. शेवटी बोललीच, "त्या बुढ्याले कढई पायजे होती, असं वाटलं का तुमाले?"

मी गेलो. मामा बाजेवर बसले होते, समोर सामानाची रांग तशीच. कशालाही हात लागलेला नव्हता. "काय काम काढलं?" मामांनी विचारलं. काम काहीच नव्हतं. बिनकामाचं दुसऱ्याच्या घरी जाणं किती कठीण असतं, ते मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. मी म्हटलं, "मामा, छत्रीची काडी लागत होती."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. उठले, काडी दिली. "लागते," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पायडल मागायला गेलो. मग स्टो. मग कढई. पावसाळा संपेपर्यंत त्यांचं अंगण मोकळं झालं आणि आमचा माळा पुन्हा भरला. फक्त शिडीला मी दोन्ही बाजूंनी धरायला बांबू ठोकले, या खेपेला सुनंदाच्या देखरेखीखाली.

एका संध्याकाळी उंबऱ्याअलीकडून आवाज आला, "लाईन क्लियर हाय का?"

स्वयंपाकघरातून "क्लियर" इतक्या झटकन गेलं की जणू आधीपासून तोंडात धरून ठेवलं होतं. मामा बांबू धरून वर गेले. खुडबुड झाली. धुळीचे रिकामे हात घेऊन खाली आले आणि आपल्या जागेवर बसले.

मी सवयीनं विचारलं, "काय शोधत होते मामा? मी काढून देऊ?"

मामांनी सुनंदाच्या हातातून कप घेतला आणि तिलाच विचारलं, "बाई, हा खरंच पोरायले शिकवते का?"