शेळीची नोंद

पुणतांब्याच्या पेरू उत्पादक गटाची तपासणी अकरा वाजता होती आणि गटप्रमुख कानिफनाथांनी बरोब्बर साडेदहाला पिशवीतून शाल बाहेर काढली.

"आत्ता?" शॅरन मॅडम दचकल्या.

"आत्ताच! साहेब पास करू द्या न्हाईतर नापास, तुमचे उपकार आमी इसरनार न्हाई."

उपकार होतेच. सहा महिने दर मंगळवारी सावेडीहून एसटीने येऊन मॅडमनी या लोकांना शिकवलं होतं: साबणाने हात धुवा, वीस आकडे मोजेपर्यंत, पॅकिंग शेडमध्ये खाणं नको, जनावर तर मुळीच नको, आणि काही चुकलं तर ते नोंदवहीत लिहा. पहिल्या दिवशी गटातल्या राहीबाई फणकारल्या होत्या, "चाळीस वर्सं पेरू तोडतीया. एकबी पेरू म्हनला न्हाई, हात दाखव!" आज पास झाले तर सोळा घरांचा पेरू हंगामभर थेट पुण्याच्या कंपनीकडे जाणार होता.

सत्कार म्हटला की टेबल लागतं. स्वच्छ टेबल एकच होतं, पेरू निवडायचं. त्यावर हार, नारळ आणि पेढे मांडले गेले. मॅडम नको म्हणणार होत्या, पण कानिफनाथांनी शाल त्यांच्या खांद्यावर घातलीसुद्धा. हार गळ्यात पडला, टाळ्या वाजल्या आणि झेंडूच्या वासाने शेजारच्या अंगदची शेळी थेट आत शिरली.

"अरं धरा तिला!"

"मॅडम, हार काढा!"

शेळीने दोन पाय टेबलावर टाकले. मॅडमनी तिचं शिंग पकडलं. तेवढ्यात भरलेला क्रेट कलंडला, तो त्यांनी त्याच हाताने सावरला. तरी चार पेरू घरंगळत दाराशी गेले आणि चकचकीत बुटांना अडले. तपासणीचे साहेब वेळेआधीच आले होते.

शेळी मात्र निवांत झेंडू चघळत होती. मॅडम गडबडीने पेरू उचलून क्रेटमध्ये टाकू लागल्या.

"मॅडम!" राहीबाई कडाडल्या. "हात मागं घ्या. शेळीला लावलाय त्यो!"

"अहो राहीबाई, साहेब आलेत..."

"साहेबांनी बी बूट काढल्याबिगर आत यायचं न्हाई. कानिफनाथ, शेळी भायेर घाला, ह्यो क्रेट बाजूला काढा, टेबल धुवा, आन वहीत लिवा, सत्कारामुळं शेळी आली म्हनून."

कानिफनाथांनी मान खाली घालून तस्संच लिहिलं. साहेबांनी मुकाट्याने बूट काढले.

तासभर त्यांनी पाणी तपासलं, क्रेट तपासले, शेवटी वही उघडली आणि शेळीच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"मी पुष्कळ शेड पाहिल्या," साहेब म्हणाले. "शेळी सगळीकडे शिरते. वहीत मात्र कुठेच शिरत नाही, ती इथे शिरली. पास!"

मग एकच कल्ला झाला. पेढे बाहेर लिंबाखाली नेले गेले. मॅडमनी पेढ्याला हात घातला, तोच राहीबाईंनी ताट मागे ओढलं आणि नळाकडे बोट दाखवलं.

मॅडम निमूटपणे हात धुऊ लागल्या. शाल-नारळाने जे झालं नव्हतं ते आता झालं, त्यांना रडूच आवरेना. आपलं कोणी इतकं मनापासून ऐकलंय, याचं त्यांना फार बरं वाटत होतं. मागे साहेबही बाह्या सरसावून रांगेत उभे होते.

"राहीबाई, तुम्ही आज..."

"रडा की मॅडम, पर हात थांबवू नका," राहीबाईंनी पदराने स्वतःचेही डोळे टिपले. "सतरा... अठरा... अजून दोन ऱ्हायले."