बिराप्पाचा हात

"बिराप्पा आपल्या खिशात हाय!" भाकरीचा मोठ्ठा तुकडा आमटीत बुडवत सोमलिंगअण्णांनी बायकोला, नीलम्माला सांगितलं. "उद्या म्याच सदर!"

निजामाच्या अमलातली ही गोष्ट. सास्तूरच्या पलीकडं, कानडी मुलखाला चिकटून असलेलं गाव. अर्धं गाव घरात कानडी बोलायचं, अर्धं मराठी, आणि भांडताना सगळेच दोन्ही बोलायचे! सरकारनं शाळेसाठी एक कमिटी नेमली. तीन मेंबर कानडी, तीन मराठी आणि सातवा धनगरवाड्यातला बिराप्पा. कमिटीनं आपला सदर म्हणजे अध्यक्ष निवडायचा आणि सदर सांगेल त्या भाषेचा मास्तर गावाला मिळायचा. मास्तर एकच!

सोमलिंगअण्णांचं कापडाचं दुकान होतं आणि कानडी बाजूचे ते पुढारी. नातू नुकता बोबडं कानडी बोलायला लागला होता. मराठी मास्तर आला तर पोरगं आपल्या आजीशीच परक्यासारखं बोलेल, ह्या धास्तीनं अण्णांची झोप उडाली होती. मराठी बाजूच्या बब्रुवान पाटलांना नेमकी उलटी धास्ती होती. म्हणून तर दोघांचंही लक्ष बिराप्पाच्या हातावर.

त्याच दिवशी सकाळी अण्णा मेंढवाड्यावर गेले होते, तेव्हा बिराप्पा एका मेंढीच्या पायातला काटा काढत होता.

"बिराप्पा, आपली युती!" अण्णा म्हणाले. "माझ्या नावाला हात वर करायचा."

"करतो की अण्णा. पर तहसीलदारसाब उर्दूत बोलत्यात. कुणाचं नाव चाललंय ते मला काय कळायचं? तुमी असं करा, तुमचं नाव आलं की खोका. म्या लगेच हात वर करतो."

अण्णा खूश! वाटेत दोनदा खोकून बघितलं. चांगला भरदार आवाज येत होता.

सभेच्या दिवशी तहसीलदारसाहेब चावडीत लोडाला टेकून बसले. त्यांच्या जेवणाचा मान अण्णांनी आधीच आपल्याकडं ओढून घेतला होता. चावडीच्या मागच्या अंगणात नीलम्मा स्वतः चुलीपुढं बसली होती.

साहेबांनी चष्मा चढवला. "जो अराकीन जनाब बब्रुवान साहब की सदारत की ताईद फ़रमाते हों..."

'ताईद' म्हणजे काय ते कुणालाच कळलं नाही, पण बब्रुवान हे नाव बिराप्पा सोडला तर सगळ्यांना कळलं. मराठी बाजूचे तीन हात वर गेले. आणि त्याच क्षणी नीलम्मानं ठेच्यासाठी मूठभर लाल मिरच्या तव्यावर टाकल्या!

वारा चावडीकडंच होता. पहिला ठसका सोमलिंगअण्णांना लागला.

बिराप्पाचा हात वर!

"आरं, आत्ता न्हाय!" असं अण्णांना ओरडायचं होतं, पण तोंडातून निघाला तो दुसरा ठसका. बिराप्पानं हात आणखी उंच केला. अण्णांनी घाईघाईनं तोंडात उपरणं कोंबलं. हात खाली आला. तेवढ्यात बब्रुवान पाटलांना खोकला आला, आणि बिराप्पाचा हात पुन्हा वर!

अण्णांचे डोळे खोबणीतून बाहेर यायचे बाकी राहिले. "तू... तू ह्यांना बी..."

"आता म्या काय करू?" बिराप्पा काकुळतीला आला. "पाटलांनी बी हात मागितला, त्यांना बी खोकायलाच सांगितलं. घरी आलेल्या माणसाला न्हाय कसं म्हणू?"

एव्हाना सगळी कमिटी खोकत होती. कुणासाठी कुठला हात वर करावा, हेच बिराप्पाला उमगेना. बिचाऱ्यानं दोन्ही हात वर केले आणि तसाच उभा राहिला!

साहेबांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. रुमाल नाकाला लावून ते ओरडले, "ये कौन है? क्या ख़ुद सदर बनना चाहता है?"

"जी साब! जी साब!" साहेबांना कधी नाही म्हणायचं नसतं, एवढंच बिराप्पाला ठाऊक होतं.

"मंज़ूर! बाक़ी दोनों नायब सदर! जलसा ख़त्म!" असं म्हणत साहेब चपला हातात घेऊन मोकळ्या हवेत पळाले.

मग पहिल्यांदाच कानडी आणि मराठी बाजू एक झाल्या आणि दोघांची वरात साहेबांच्या टांग्यामागं धावली. टांगा काही थांबला नाही. साहेबांनी फक्त मागं वळून काहीतरी सांगितलं.

अण्णा घरी आले ते थेट भिंतीकडं तोंड करून बसले.

"झालात का सदर?" नीलम्मानं विचारलं.

"नायब. सदराच्या हाताखालचा. म्या बी आन् बब्रुवान बी."

"मग सदर कोण?"

"बिराप्पा."

"बरं झालं. गरीब माणूस हाय. त्याला गाठून कानडी मास्तर मागून घ्या की."

"तो मेंढरं घेऊन चराईला गेला. दिवाळीच्या पुढं येतो म्हणला."

"अगं बाई! मग तवर शाळेत शिकवणार कोण?"

अण्णांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, सावकाश खाली ठेवला. "सायेब म्हणले, तुमचं एकमत होईस्तवर उर्दूचा मास्तर पाठवतो. कमिटीचे कागद बी उर्दूतच येणार, म्हणून दोन्ही नायबांनी रोज पोरांच्या पुढल्या रांगेत बसायचं."

नीलम्मानं पदर तोंडाला लावला. तिला खोकला आला की हसू, ते अण्णांना कळलं नाही.

"हसू नगंस," ते हळूच म्हणाले. "पाटी कुठं मिळती ते सांग. बब्रुवाननं येता येताच घेतली म्हणं."