नदीघराचं नाक

तांबोळी सर नदीचं पाणी हुंगतात. नुसतं हुंगत नाहीत, अत्तरवाल्यासारखे डोळे मिटून, मान तिरकी करून हुंगतात आणि मग निकाल जाहीर करतात, "कोथरूड. शाम्पू. कोंड्यावरचा."

मी कोथरूडचा. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी गुपचूप खांदे झटकले.

हे नाक साधंसुधं नाही. एका नाल्याचं पाणी हुंगून, वरच्या गल्लीत आज बटाटेवडे तळलेत आणि तेल तिसऱ्यांदा वापरलंय, असं त्यांनी सांगितलेलं मी या कानांनी ऐकलंय. खात्री करायला एक माणूस गेला. वडेवाल्याने त्याला दोन वडे देऊन गप्प केलं. तो माणूस मीच. वडे बरे होते.

सर एका कॉलेजच्या रसायनशाळेत जन्मभर प्रयोगशाळा सहायक होते. ॲसिडने त्यांचे बरेच शर्ट खाल्ले, नाक मात्र सोडलं. निवृत्तीआधीपासूनचा त्यांचा नेम असा, की दर रविवारी सकाळी मुठेच्या काठी एका ठरावीक पायरीवर बसायचं, बाटलीभर पाणी घ्यायचं, लेबल चिकटवायचं आणि घरी न्यायचं. नाना पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत अखेर बाटल्याच राहत होत्या. सर त्यांच्याकडे पाहुणे म्हणून उतरलेले.

"पुरावा आहे हा," सर म्हणायचे.

"कुणाला दाखवणार?"

"ऐकणारा सापडला की त्याला."

पुढे आम्ही दहा-बारा रिकामटेकड्यांनी त्या पायरीच्या वरचं जुनं पंपघर दुरुस्त करायला घेतलं. पंप कधीच गेले होते. आत तुटके बाक आणि तीन पिढ्यांची वटवाघळं. तिथे शाळकरी मुलांना पाणी तपासायला शिकवायचं, काठावरच्या लोकांनी जमायचं, नदीकडे लक्ष ठेवायचं, असा बेत. नाव ठरलं नदीघर. गिलावा जुन्या पद्धतीचा, चुन्यात गूळ आणि हिरडा कालवून. गूळ जरा सढळ हाताने पडला. गिलावा वाळायच्या आत मुंग्यांनी सोसायटी नोंदवून पार्किंगवरून भांडणं सुरू केली.

मुलांना शिकवायला सर तयार झाले, पण एका अटीवर. "खिडकीजवळचं फडताळ माझ्या बाटल्यांना. एक जरी हलली, तर मी या घरात पाऊल ठेवणार नाही. वाद नको."

वाद कोण घालणार? आमच्या प्रत्येकाच्या घरचं सांडपाणी ते वासावरून ओळखत होते. बाटल्या नाना पेठेतून फडताळात आल्या.

उद्घाटन रविवारी होतं. शनिवारी सर दाढ काढायला गेले आणि इकडे आमची साफसफाई निघाली. मी हार सांगून परत येतो तो खिडकीत बाटल्यांची रांग, पालथी, लखलखीत. शेजारी केतकी, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये असलेली, आमच्यात नुकतीच आलेली आणि सर्वांत गुणी मुलगी, हात पुसत उभी.

"काका, शेल्फ किती घाण होतं! कुणीतरी पाणी भरून विसरलेलं. डोन्ट वरी, सगळं क्लीन केलं."

पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे धुता येईल ते सगळं धुतात. केतकीने नदी धुतली होती.

"अगं, ती सरांची इतक्या वर्षांची नदी होती! तुला लेबलं दिसली नाहीत?"

"ती निघत नव्हती. भिजत घातली," असं म्हणून ती रडायलाच लागली.

बादलीत लेबलं तरंगत होती. प्रयोगशाळेतली माणसं लेबलावर पेन्सिलीने लिहितात, त्यामुळे अक्षर जसंच्या तसं होतं. आम्ही ती पंख्याखाली पेपरवर वाळत घातली आणि वाळता वाळता वाचायला लागलो. रंग, वास आणि सगळ्यांत खाली एक रकाना: सोबत.

"रंग चहाचा. वास साबणाचा. सोबत: कोणी नाही."

"वास झेंडूचा, कुजलेला. सोबत: कोणी नाही."

अशी ढिगाने. तळाशी जुनी, पिवळी पडलेली काही लेबलं होती. "वास नीट कळला नाही. सोबत: शमीम. डबा आणला होता. म्हणाली, हुंगणं पुरे, आता खा." शमीमभाभी म्हणजे सरांची पत्नी. त्या गेल्याचं आम्हाला माहीत होतं. रविवारी त्या पायरीवर बसायच्या, हे कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी सर आले, गाल सुजलेला. फडताळाकडे पाहिलं. केतकीचे हुंदके ऐकले. एक बाटली उचलून उजेडात धरली.

"घासल्यात चांगल्या," ते म्हणाले. "कॉलेजातल्या माझ्या पोरांना कधी जमलं नाही."

बाटली ठेवून ते निघून गेले. सरांचा शब्द म्हणजे शब्द. ते आता या घरात येणार नव्हते.

पण पायरी घरात नव्हती. रविवारी सकाळी प्रमुख पाहुणे कात्री घेऊन दारात उभे, मुंग्या त्यांच्या पायजम्यातून वर निघालेल्या आणि आम्ही सगळे खाली पायरीवर, सरांची वाट बघत.

सर आले. थबकले.

"ही माझी पायरी आहे."

"रुंद आहे, सर," केतकी म्हणाली आणि सरकली.

सर बसले, बाटली भरली, खिशातून लेबल काढून गुडघ्यावर ठेवलं. रंग लिहिला, वास लिहिला. मग पेन्सिल थांबली ती थांबलीच. वरून कुणीतरी आम्हाला हाका मारत होतं. कुणी हललं नाही.

"नावं सांगा," सर आमच्याकडे न बघता म्हणाले. "एकेकाने. आडनावं नकोत, जागा कमी आहे."