डाव्या कानाची खूण

म्हाळूआबा आमच्या मोठ्या साहेबांना हुंगून आत सोडत.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची प्रयोगशाळा होती. मी तिथला नोंदणी कारकून आणि आबा उंदीर सांभाळणारे, मूळचे कन्नड तालुक्यातले मेंढपाळ. साहेब आले की आबा दारात आडवे उभे राहत, नाक पुढं करत. "अत्तर लावलंय. हात धुऊन या. जित्राब बुजतंय." साहेब चरफडत, पण जात.

हे जित्राब साधं नव्हतं. परदेशात त्याच्या जनुकांत असा फेरफार केलेला, की रसायन घातक असलं तर साध्या उंदरांच्या कितीतरी आधी याला कर्करोग व्हायचा. हे समजावल्यावर आबा म्हणाले, "म्हंजी आपलं मरण ह्यांनी मरायचं. मग दाणा तरी नीट घाला."

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाच्या अखेरच्या पर्वात शहरात संचारबंदी लागली. आबा चालत येत. पोलिसांनी हटकलं तर सांगत, "उंदरांला पाणी पाजायला चाललो." या उत्तरापायी दोनदा काठी खाल्ली, पण पाणी चुकवलं नाही.

त्याच महिन्यात आबांच्या बोटांना एका उंदराच्या काखेत गाठ लागली. आठवड्यात असे पाच झाले. चाचणी होती एका नव्या रंगाची, आणि तो शेजारच्या कारखान्यात बायका हातानं कालवणार होत्या. साहेबांना तो पास करायचा होता. त्यांनी कागद पुढं केला: बंदच्या काळात आबांकडून रंगाच्या आणि साध्या दाण्याच्या पिंजऱ्यांची अदलाबदल झाली, सबब चाचणी रद्द. म्हणजे साध्या उंदरांवरच्या जुन्या अहवालावर रंग पास.

"अंगठा करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मी त्यांच्या जागी असतो तर अंगठाच काय, पाचही बोटं उमटवली असती.

"नाय करत," आबा म्हणाले. "तिकडं पोरं हक्कासाठी काठ्या खायलीत, अन् मी खोट्यावर अंगठा देऊ व्हय?"

आमच्या चिठ्ठ्या फक्त पिंजऱ्यांना असत. आबांनी एकेक उंदीर काढून साहेबांच्या नाकासमोर धरला. रंग मिसळलेला दाणा खाणाऱ्या प्रत्येकाच्या डाव्या कानाला बारीक कातर होती, साधा दाणा खाणाऱ्यांचे कान अख्खे होते. धनगर आपल्या मेंढरांचे कान कातरतात तशीच, चाचणीच्या पहिल्याच दिवशी, कुणालाही न विचारता केलेली. गाठवाले पाचही डाव्या कानाचे निघाले.

"बापानं शिकवलेली खूण हाय. दुसऱ्याचं कोकरू आमच्यात खपत नाय."

अदलाबदलीचं कारण उरलं नाही; अहवाल खरा गेला. रंग थांबला.

नंतर मी विचारलं, "आबा, रान सोडून या कोंदट खोलीत का आलात?"

ते पिंजरा पुसत राहिले. "माझी लेक चंद्री रंगाच्या कारखान्यात व्हती. गाठ आली तिला. मी मेंढरं घेऊन लांब. आलो तवा माती बी झाली व्हती. कारखान्यात इचारलं तर म्हणले, असं कुणाचं काय लिहिलेलं नाय. हितं उंदराची बी गाठ लिहित्यात." मग हळूच म्हणाले, "तुमचं अक्षर लई चांगलं हाय. तिचं नाव लिहा की कुठंतरी."

मी पेन काढलं. आमच्याकडची सगळी रजिस्टरं उंदरांची होती.