भोईर वकीलबाईंची पाहणी

कुठल्याही शाळेत पाऊल टाकलं की आमच्या भोईर वकीलबाई एकच वाक्य म्हणतात, "चहा राहू दे, आधी संडास दाखवा."

मुख्याध्यापक पुष्पगुच्छ घेऊन उभे असोत, पोरं स्वागतगीताच्या पहिल्या ओळीवर असोत, बाई पदर खोचून थेट शाळेच्या मागे जातात. नळ सोडून बघतात, कडी लावून बघतात आणि बाहेर येऊन जाहीर करतात, "पास" नाहीतर "नापास". माझ्या पुतणीच्या लग्नाच्या हॉलवरही त्यांनी ही पाहणी केली. हॉल नापास झाला. व्याही अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

बाई डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. ठाण्याच्या कोर्टात जमिनीचे दावे लढवून पोट भरतात आणि सरकारी शाळांची कामं फुकट करतात. मी बँकेतून रिटायर झालो त्याच आठवड्यात त्यांचे अर्ज टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "भाऊ, दिवसभर घरी बसून वहिनींना छळणार, त्यापेक्षा टाइप करा." आमच्या हिने तिथल्या तिथे अनुमोदन दिलं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका वस्तीतल्या शाळेतल्या मुलींच्या तीन आया बाईंकडे आलेल्या. शाळेचं नाव सांगत नाही, बाईंनी बजावलंय. नळाला पाणी नाही म्हणून तिथल्या संडासांना कुलूप. मुलगे कुंपणामागे जायचे. मुली सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या.

"माझी पोरगी सातवीत आहे," एक आई म्हणाली. "मोठी झाली आता. जूनपासून घरीच ठेवणार."

"ठेवून तर बघ," बाई म्हणाल्या. "पहिली नोटीस तुलाच धाडते."

शिक्षण हक्काच्या कायद्याचा दाखला देऊन आम्ही शिक्षणाधिकारी साहेबांकडे अर्ज केला. उत्तर आलं, 'विषय विचाराधीन आहे.' दुसऱ्या अर्जालाही तेच. तिसऱ्या वेळी बाईंनी सरळ आमंत्रण पाठवलं. हायकोर्टात भेटण्याआधी साहेबांनी एकदा शाळेत यावं.

साहेब आले. बाई त्या दिवशी इतक्या गोड वागत होत्या की मला धास्तीच वाटली. आयांनी आधी चहा दिला. मग कोकम सरबत. मग ताक. "घ्या ना साहेब, घरचं आहे." त्यानंतर दोन तास प्रत्येक वर्ग, प्रत्येक बाक, प्रत्येक खिडकी. शेवटी साहेब माझ्या कानाशी लागले, "इथं जरा... सोय कुठे आहे?"

बाईंचे कान तिखट. "विषय विचाराधीन आहे, साहेब."

आयांनी तोंडाला पदर लावले. साहेब मात्र माणूस चांगला निघाला. शेजारच्या घरी धावले, परत आले आणि घाम पुसत स्वतःच हसायला लागले. मुख्याध्यापिकांच्या टेबलाशी बसून त्यांनी तिथेच मंजुरीचा शेरा लिहिला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि खाली तारीख घालायला लावली.

शाळा उघडायच्या आत टाकी चढली, नळ आले, मुलींसाठी वेगळे, नव्या दारांचे संडास झाले. उद्घाटनाला कुणा पुढाऱ्याला बोलवायचं यावर शिक्षकांची खलबतं चाललेली, तेवढ्यात बाई रिक्षातून उतरल्या. सोबत एक म्हातारी, नऊवारी नेसलेली.

"ही माझी ताई. फीत ही कापेल."

मी नुसतं बघितलं तशी बाई हळूच म्हणाल्या, "आमच्या गावच्या शाळेत ही पहिली यायची, भाऊ. सातवी झाली आणि बाबांनी घरी बसवली. मुलींना जायला आडोसाच नव्हता शाळेत. मी तिच्या पुस्तकांवर शिकले." एवढं सांगताना त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

ताईंनी फीत कापली आणि सरळ आत गेल्या. आतून कडीचा आवाज आला. लागली, निघाली, पुन्हा लागली. मुली खुदखुदल्या. ताई बाहेर आल्या.

"आतून लागते गो," त्या बहिणीला म्हणाल्या. मग रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलीकडे वळल्या. घरी बसायची होती तीच ती. "कितवीत गो तू?"

"आठवीत."

"आठवीत," ताई स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला.

नवा नळ उत्तम चालत होता. तरी बाई आमच्याकडे पाठ करून बराच वेळ तो तपासत राहिल्या.